अस्वलाने सोडलेला संकल्प

एका रानात एक अस्वल राहत असे आणि ते दर वर्षी सुधारत असे. म्हणजे, तसं ते स्वतः सांगत असे. इतर कोणाला त्यात काडीचाही फरक दिसलेला नव्हता. पण अस्वलाला विचारलं, तर ते नाकाला चिकटलेली वारुळाची माती पुसत म्हणायचं, "मी आता पूर्वीचा राहिलेलो नाही." मुलांनो, असं म्हणणारं कोणी भेटलं तर हो म्हणा आणि आपल्या कामाला लागा.

त्या रानात पाडव्याची एक रीत होती. पाडव्याच्या सकाळी सगळे प्राणी ओढ्यातल्या डोहापाशी जमत. ज्याला नव्या वर्षात काही करून दाखवायचं असेल त्याने ओंजळीत पाणी घ्यायचं, काय करणार ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं आणि मग ते पाणी बोटांच्या फटीतून खाली सोडायचं. याला म्हणतात संकल्प सोडणं. घरी पूजा असली की हातावर पळीभर पाणी घेऊन ते ताम्हनात सोडतात, पाहिलंय ना तुम्ही? तेच हे. आता यात सोडायचं असतं ते पाणी. संकल्प सोडायचा नसतो, तो धरून ठेवायचा असतो. एवढी साधी गोष्ट सांगायची वेळ येऊ नये खरं तर. पण येते, त्याला मी काय करू?

पाडव्याचा हा सगळा कारभार टिटवीकडे असे. पाणी कोणत्या हातात घ्यायचं, तोंड कोणत्या दिशेला करायचं, हे सगळं तिला पाठ. कोणी जरा चुकलं की ती ओरडून रान डोक्यावर घ्यायची.

अस्वल संकल्पाच्या आधी आढावा घेत असे. डोहाकाठच्या सपाट दगडावर बसायचं, डोळे मिटायचे आणि सरलेल्या वर्षाचा विचार करायचा. विचार करताना ते इतकं गंभीर दिसे की बघणाऱ्याला वाटावं, आता हे साधू होऊन निघून जाणार.

"गेल्या पाडव्याला मी पहाटे उठायचं ठरवलं होतं," अस्वल म्हणायचं. "उठलो का? नाही उठलो. मध कमी खायचं ठरवलं होतं. खाल्ला का कमी? नाही. का बरं? विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं, की संकल्प फार लहान होते. लहान संकल्पाला अंगात जोरच येत नाही हो! यंदा मोठाच सोडायला हवा."

ऐकलंत? जे लहान जमलं नाही, त्यावर उपाय काय, तर मोठं ठरवायचं! आणि हसू नका तुम्ही. गेल्या जूनमध्ये हस्ताक्षर सुधारायचं ठरवलं होतंत, त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे.

तर ते असो. पहाटे उठणं आणि मध कमी खाणं हा अस्वलाच्या घरचा प्रश्न होता. त्यावरून कोणाचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते झिऱ्यावरून.

झिरा म्हणजे काय ते आधी सांगते. ओढा आटला तरी वाळूच्या खाली पाणी असतं. तिथे खोल खड्डा खणला की तळाला हळूहळू पाणी झिरपतं आणि साठतं. त्या खड्ड्याला म्हणतात झिरा. या रानाचा झिरा पूर्वी चांगला होता. मग एका पावसाळ्यात मोठा लोंढा आला आणि त्याने झिरा दगडांनी बुजवून टाकला. दगड असे, की हरणाच्या खुरांनी हलणार नाहीत आणि कोल्ह्याच्या पंजाला दाद देणार नाहीत. ते उचलण्याची ताकद आणि उकरण्याची नखं सगळ्या रानात एकाच्याच अंगी होती. कोणाच्या, ते तुम्ही ओळखलंच असेल.

ओढ्याजवळ बीळ करून एक साळू राहत असे, आपल्या नवऱ्यासह. साळू म्हणजे साळिंदराची बायको, अंगभर लांब काटेवाली. मोठी कामसू आणि तापट. राग आला की तिचे काटे उभे राहायचे आणि एकमेकांवर आपटून खळखळ वाजायचे, त्यामुळे तिला राग लपवायची सोयच नव्हती. आणि अस्वल शेजारी राहायला असल्यावर काटे खाली बसणार कधी?

मागच्या पाडव्याला अस्वलाने झिरा उकरायचा संकल्प सोडला होता. त्याच्या मागच्याही पाडव्याला सोडला होता. आणि मागच्या वैशाखात डोह आटला, झिरा तसाच बुजलेला, तेव्हा साळिंदर डोंगर ओलांडून गावाच्या हद्दीतल्या गुरांच्या टाक्यावर पाणी प्यायला गेलं. तिथल्या कुत्र्यांनी त्याचा मागचा पाय फाडला. जीव वाचला, पण तेव्हापासून ते लंगडत होतं. अस्वल त्याला भेटायला गेलं होतं. त्याच्याजवळ बसून ढसाढसा रडलं आणि येताना आणलेला मध बोलता बोलता स्वतःच चाटून संपवला.

यंदा गोष्ट आणखी अवघड होती. साळूला पिल्लं झाली होती. दोन इवली इवली पिल्लं, काटेसुद्धा अजून मऊ. ती डोंगर चढून गावापर्यंत जाऊच शकत नव्हती, आणि गेली असती तरी कुत्र्यांच्या तोंडातून परत आली नसती. डोह आटायच्या आत झिरा मोकळा झाला, तर पिल्लं जगणार होती. नाही झाला, तर नाही.

पाडवा आला. अस्वलाने आढावा घेतला, उसासे टाकले, आणि ते भल्यामोठ्या पंजात डोहाचं पाणी घेऊन उभं राहिलं.

"मी, या रानातलं अस्वल, असा संकल्प सोडतो, की यंदा मी झिरा उकरणार! आणि नुसता झिरा नाही. झिऱ्यात उतरायला पायऱ्या करणार. म्हाताऱ्यांना टेकायला कडेने सपाट दगड लावणार. आणि साळूवहिनींच्या पिल्लांसाठी बाजूला वेगळा, उथळ…"

इतक्यात पंजातलं पाणी गळून संपलं. अस्वलाने पुन्हा पंजा भरून घेतला. सावलीसाठी जांभूळ लावण्याबद्दल ते बोललं. पुन्हा पाणी संपलं, पुन्हा घेतलं.

"अहो भाऊजी, थोडक्यात आवरा!" साळू ओरडली. "बोलता बोलता डोह रिकामा कराल!"

"वहिनी, संकल्प तपशीलवार हवा," अस्वल म्हणालं आणि चौथ्यांदा पंजा भरला.

पण खरं सांगायचं तर ते बोललं फार छान. हरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी वाहवा केली. साळूचे काटेसुद्धा हळूहळू खाली बसले. तिचा नवरा तिच्या कानात म्हणाला, "बघ, पिल्लांचं नाव घेऊन बोललाय. या खेपेला नक्की करणार तो." आणि साळूने विश्वास ठेवला. काय करणार? विश्वास ठेवण्यावाचून तिच्याकडे दुसरं होतं तरी काय!

चैत्रात मोहाची फुलं गळायला लागली. अस्वल झाडाखाली बसून फुलं खात होतं. साळू तिथे गेली. "भाऊजी, कसं काय?"

"उत्तम! या वहिनी, बसा. फुलं घ्या."

"फुलं राहू द्या. संकल्पाचं काय झालं?"

"कोणत्या?"

"कोणत्या म्हणजे? झिऱ्याच्या!"

"तो?" अस्वल तोंडभर हसलं. "सोडला की! तुमच्या समोरच तर सोडला!"

साळूचे काटे खळकन उभे राहिले. "सोडला तो पाडव्याला. पुढे काय?"

"पुढे काय असणार? सोडला म्हणजे सोडला. तुम्हाला सांगतो वहिनी, आधी किती जड जड वाटत होतं. मनाला सारखी टोचणी. आणि पाणी हातातून सुटलं ना, त्या क्षणाला सगळं हलकं झालं. काम झाल्यासारखंच वाटलं बघा!"

साळूने कपाळाला हात लावला. अस्वल खोटं बोलत नव्हतं, हाच तर खरा ताप होता. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. याला खरोखरच वाटत होतं, की एवढ्या लोकांसमोर एवढं छान बोलल्यावर बरंचसं काम झालंच आहे आणि उरलेलं कधीही होईल.

ती पुन्हा गेली, तेव्हा अस्वलाचं पोट जड झालं होतं. त्यानंतर गेली, तर ऊन फार होतं. त्यानंतर ढगाळ होतं, आणि ढगाळ हवेत म्हणे अस्वलाचे सांधे धरतात. एकदा तर ते म्हणालं, "आज मी झिऱ्याचाच विचार करतोय, मध्येच उठवू नका." सांगून सांगून साळूच्या तोंडाला फेस आला.

शेवटी तिने नाद सोडला आणि ती आणि तिचा लंगडा नवरा, दोघंच उकरायला लागली. वरची वाळू निघाली. खाली दगड लागले. दोघांनी मिळून जोर लावला, पण दगड जागचा हलेना. साळूची नखं फुटून रक्त आलं. तेवढ्यात अस्वल तिथून चाललं होतं. ते थांबलं, काठावर बसलं आणि बघत राहिलं.

"वहिनी, तो नाही, आधी डावीकडचा काढा," ते म्हणालं.

साळूने त्याच दगडाला पुन्हा जोर लावला.

"आणि इतकी घाई करू नका. अशा कामाला आधी मनाची तयारी लागते. मी गेली दोन-तीन वर्षं तीच करतोय."

मुलांनो, त्या क्षणी साळूने अस्वलाला काटे टोचले असते तरी मी तिला काही म्हटलं नसतं. तिने टोचले नाहीत. ती पिल्लांपाशी गेली आणि रडली.

चैत्र सरत आला. डोहाचं डबकं झालं, डबक्याचा चिखल झाला, वैशाख लागला तोवर चिखलाला भेगा पडल्या. हरणं डोंगरापलीकडे निघून गेली, माकडं त्यांच्या मागे गेली. ज्याला ज्याला जाता येत होतं तो गेला. पहाटे पानांवर जे काही दव असे ते साळू जिभेवर गोळा करून पिल्लांना पाजत होती, पण त्याने काय होणार? एक पिल्लू अजून कुरकुरत होतं. दुसरं कुरकुरतही नव्हतं, आईने नाव घेऊन हाक मारली तर नुसते डोळे उघडायचं.

त्या सकाळी साळू अस्वलाच्या गुहेत शिरली. भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, माझं धाकटं आजचा दिवस काढत नाही."

अस्वलाचा चेहरा पडला. त्याला खरोखर वाईट वाटलं. वाईट वाटण्यात ते कधीच कमी पडलं नव्हतं. त्याने डोळे मिटले, आढावा घेतला, आणि ते म्हणालं, "चुकलं माझं, वहिनी. पाडव्याचा संकल्प वाया गेला. पण आज काय आहे ठाऊक आहे का? अक्षय्य तृतीया! साडेतीन मुहूर्तांपैकी एक! चला, आत्ताच्या आत्ता नवा संकल्प सोडतो."

ते तरातरा ओढ्यावर गेलं. साळूही मागोमाग गेली, पिल्लांना घेऊन लंगडत साळिंदरही आलं. टिटवी तिथेच होती, ती अजून आपली जागा सोडून गेली नव्हती. अस्वल पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं, पंजा पुढे केला आणि पाण्यासाठी वाकलं. पाणी होतं कुठे?

"कोरडा संकल्प चालत नाही," टिटवी म्हणाली. "ओंजळीत पाणी हवंच."

"थेंबभरही नाही का चालणार?"

"ओंजळभर!" टिटवी ओरडली. "आजवर या रानात कोणी कोरडा संकल्प सोडलेला नाही!"

अस्वलाने पंजा खाली घेतला. "अरेरे! मग नाइलाज आहे. आता एकदम दसरा. दसऱ्याला मात्र असा सोडतो, की…"

दसरा! पाऊस पडून, ओढा वाहून, सगळं हिरवं झाल्यावर! साळूचे सगळे काटे उभे राहिले. तिने तोंड उघडलं. आता ती जे बोलणार होती ते ऐकून अस्वल जन्मात विसरलं नसतं. आणि मध्येच ती थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी आलं. तिने तोंड मिटलं, काटे कसेबसे खाली बसवले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "भाऊजी, संकल्पाला पाणी किती लागतं म्हणालात?"

"ओंजळभर."

"मग ओंजळभर काढा की. वाळूखाली असेलच एवढंसं. झिरा नका उकरू हं! झिऱ्याचं नावसुद्धा काढू नका. ते मोठं काम, ते संकल्पानंतर बघू. आत्ता फक्त संकल्पापुरतं पाणी काढा. मुहूर्त कशाला चुकवायचा?"

"हे बाकी खरं!" अस्वल खूश झालं. "मुहूर्त चुकवता कामा नये. ओंजळभर काय, आत्ता काढतो!"

आणि ते उकरायला लागलं.

वाळू मागे उडायला लागली. पहिला दगड लागला, तो अस्वलाने बाजूला ढकलला. जो साळू आणि साळिंदर दोघांना मिळून हलला नव्हता, तोच तो दगड. दुसरा उचलून काठावर टाकला. तोंड चालूच होतं, "या वेळी पायऱ्यांचं पाडव्यापेक्षा जरा नीट मांडतो. आणि जांभळाऐवजी उंबर कसा वाटतो, वहिनी?"

"छान वाटतो. तुम्ही पाणी बघा," साळू म्हणाली.

टिटवीला राहवेना. "अगं, पण हा तर झिराच उक—"

साळूने तिच्याकडे वळून असे काटे फुलवले, की टिटवीने पुढचा शब्द गिळला.

थोड्या वेळाने ओली वाळू लागली. मग तळाशी गढूळ पाणी जमलं. अस्वलाने पंजात घेतलं आणि वर धरून विचारलं, "हे चालेल?"

टिटवीने एकदा साळूकडे बघितलं. एकदा त्या पिल्लाकडे बघितलं, बापाच्या पायाशी पडलेल्या. आणि जन्मात पहिल्यांदा ती शहाण्यासारखं बोलली, "गढूळ पाण्याचा संकल्प? छे छे! शोभतं का ते तुम्हाला? स्वच्छ हवं. आणखी खाली जा."

"बरोबर आहे," अस्वल म्हणालं आणि आणखी खाली गेलं. सर्वांत मोठा दगड आडवा आला. त्याला खांदा लावून, धापा टाकत त्याने तो उखडून काढला. त्या जागेतून बुडबुडे आले आणि थंडगार, नितळ पाणी वर यायला लागलं.

अस्वलाने दोन्ही पंजांची ओंजळ भरून घेतली. पूर्वेला तोंड केलं. घसा साफ केला. "मी, या रानातलं अस्वल, आज अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर असा संकल्प सोडतो, की मी या ओढ्यातला झिरा…"

आणि ते थांबलं. त्याने खाली बघितलं. ते कमरेइतक्या खड्ड्यात उभं होतं. चहूबाजूंनी दगड उपसून काढलेले होते आणि पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं होतं.

"वहिनी," ते दबक्या आवाजात म्हणालं, "हे काय झालं?"

"झिरा झाला, भाऊजी."

"पण मी अजून संकल्प सोडलाच नाही!"

"नका सोडू!" साळू ओरडली. इतक्या वर्षांचं सगळं तिच्या आवाजात उतरलं. "त्या ओंजळीतला एक थेंब जरी खाली सोडलात, तरी माझ्याशी गाठ आहे! जन्मभर सोडतच आलात! आज धरा! धरून ठेवा आणि खाली वाका!"

अस्वल वाकलं. साळूने धाकट्याला तोंडाने उचलून त्याच्या ओंजळीपाशी आणलं. पिल्लाने आधी नुसतं नाक लावलं. मग जीभ बाहेर काढली. मग ते प्यायला लागलं, थांबलं, पुन्हा प्यायलं. थोरलंही येऊन शेजारी घुसलं. पंजे अवघडले, कंबर भरून आली, नाकावर माशी येऊन बसली, तरी अस्वल हललं नाही. बोटांच्या फटी घट्ट मिटून ते तसंच वाकून उभं राहिलं आणि पिल्लांकडे बघत राहिलं. धाकट्याने पोटभर पिऊन झाल्यावर कुरकुर केली, तेव्हा साळू मटकन खाली बसली आणि तिचे सगळे काटे एकदम निजले.

तात्पर्य : संकल्प करताना सोडायचं असतं ते पाणी, संकल्प नाही, आणि जो ठरवण्याच्या तयारीतच वर्षं घालवतो, त्याने मोठ्या कामाचं नाव न काढता आज ओंजळभर उकरायला घ्यावं. कळलं ना? मग माझ्या तोंडाकडे काय बघत बसलात, हस्ताक्षराची एक ओळ काढून आणा.